आंघोळ झाली, आता कुत्रा कोरडा कसा करायचा? पावसाळी हवेसाठी सविस्तर क्रम

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत दाट केसांचा कुत्रा आंघोळीनंतर आपोआप कोरडा होत नाही. वरून होतो, एवढंच. टॉवेलने खसाखसा पुसला, गॅलरीत सोडला आणि तासाभराने पाठीवरून हात फिरवला की केस सुटे लागतात, आपण निश्चिंत होतो. मग मानेखालचे किंवा मांडीमागचे केस बोटांनी दुभागून बघा. मुळाशी अजून गारवा असतो. पावसाळ्यात दोरीवरची जीन्स पायाला वाळते आणि कमरेच्या शिवणीत दोन दिवस ओली राहते, तसाच हा प्रकार.

लॅब्रॉडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की आणि आपल्याकडे सरसकट 'पामेरियन' म्हणून ओळखला जाणारा स्पिट्झ, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ, लांब केस आणि खाली दाट, मऊ लव. लवेत हवा अडकून राहते म्हणून थंडीत अंग ऊबदार राहतं. आंघोळीनंतर त्याच जागेत पाणी अडकतं. कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ऊब आहे, ओल आहे आणि वारा नाही, म्हणजे कातडीवर एरवी गुमान राहणाऱ्या यीस्ट आणि जिवाणूंना रान मोकळं. आधी कुबट वास येतो, मग खाज, मग चाटणं, आणि त्यातूनच 'हॉट स्पॉट' उठतो. रात्री नाण्याएवढा दिसलेला लालसर ओला चट्टा सकाळी तळहाताएवढा झालेला असतो.

आखूड, चपट्या केसांच्या कुत्र्यांना, म्हणजे कारवानी, डोबरमॅन, बॉक्सर आणि बहुतेक देशी कुत्र्यांना, एवढा खटाटोप लागत नाही. चांगला टॉवेल आणि अर्धा-पाऊण तास पंखा पुरतो. मात्र कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यांबद्दल खाली जे लिहिलंय ते त्यांनाही लागू आहे.

पाणी घालण्याआधी

कोरडं करण्याचं निम्मं काम आंघोळीच्या आधी होतं. केस विंचरून घ्या, गाठी सोडवा. ही पायरी टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो आणि तीच सगळ्यात महागात पडते. गाठ ओली झाली की आवळते, तिच्या पोटात पाणी राहतं आणि ड्रायरची हवा तिथे शिरतच नाही. कानामागे, काखेत, मांडीच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी गाठी हमखास सापडतात. बोटांनी किंवा कंगव्याच्या टोकाने सुटत नसेल तर गाठ कापून टाका, पण गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा धरून आणि कात्री कंगव्याच्या वरून चालवूनच. कातडीला चिकटलेल्या मोठ्या जटा घरी कापू नयेत. ओढलेली कातडी जटेत कुठवर आली आहे हे दिसत नाही.

कानांच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवा. आत कोंबायचा नाही, फक्त पाणी अडावं इतपत.

सामान हाताशी असू द्या: तीन-चार पंचे किंवा जुन्या सुती चादरी, एक जाड टॉवेल, स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), स्टीलचा कंगवा, ड्रायर आणि खाली घालायला कोरडी सतरंजी. टॉवेलपेक्षा पंचाची मी जास्त शिफारस करेन. सोलापुरी टर्किश टॉवेल पहिल्या दोन मिनिटांत भरपूर पाणी ओढतो, पण एकदा चिंब झाला की जड होतो आणि पिळूनही पुन्हा कामाचा राहत नाही. पंचा पिळला की लगेच परत पाणी टिपतो. गाड्या पुसायला मिळतात ते मायक्रोफायबरचे जाड टॉवेलही उत्तम. नवाकोरा टॉवेल आणि फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुचकळलेला टॉवेल, दोन्ही पाणी नुसतं इकडून तिकडे पसरवतात.

वेळ सकाळची, आणि हातात दीड-दोन तास मोकळे असतील असाच दिवस. पावसाळ्यात संध्याकाळी घातलेली आंघोळ रात्रभर अंगावर राहते. शॅम्पू धुताना केस हाताला बुळबुळीत लागेनासे होईपर्यंत पाणी ओता. राहिलेला शॅम्पू कितीही वाळवला तरी खाजवतोच.

बाथरूममध्येच: हात आणि झटका

पाणी बंद केल्याबरोबर टॉवेल उचलू नका. आधी हाताने पाणी निपटून काढा. तळहाताची कड मानेपासून शेपटीपर्यंत केसांच्या दिशेने दाबत न्या, मग छातीवरून आणि पोटाखालून. पायांना अंगठा आणि बोटांचं कडं करून वरून खाली सरकवा. शेपटी मुठीत धरून हलकेच दाबत टोकापर्यंत यायचं, पिळायची नाही. गोल्डन किंवा स्पिट्झच्या अंगातून या दोन-तीन मिनिटांत इतकं पाणी निघतं की तेवढ्यासाठी एक आख्खा टॉवेल लागला असता.

मग त्याला अंग झटकू द्या. बाथरूमचं दार लावून घ्या, तुम्ही कोपऱ्यात उभे राहा आणि त्याच्या अंगावर काहीही ठेवू नका. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ साली उंदरापासून अस्वलापर्यंत वेगवेगळे प्राणी ओले झाल्यावर अंग कसं झटकतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्राणी जितका लहान तितका झटक्याचा वेग जास्त: उंदीर सेकंदाला तीसेक वेळा अंग हलवतो, लॅब्रॉडॉर चार-पाच वेळा. कुत्र्याची सैल कातडी हाडांपेक्षा जास्त फिरते आणि केसांतलं पाणी बाहेर फेकते. कुठलाही टॉवेल हे इतक्या थोड्या वेळात करू शकत नाही. तरीही आपण काय करतो, तर भिंती खराब होतील म्हणून त्याला घट्ट धरून ठेवतो. भिंतीवर तांब्याभर पाणी ओतलं की झालं, झटकू द्या. स्वतःहून झटकत नसेल तर मानेवर, कानाच्या बाहेरच्या बाजूला हलकी फुंकर मारा. दोनदा-तीनदा झटकून झालं की पुढचं काम.

टॉवेल: पुसायचं नाही, टिपायचं

आधी तोंड आणि कान. डोळ्यांत पाणी उतरत असेल तर कुत्रा बेचैन राहतो आणि बाकीचं काही करू देत नाही. मग मान, पाठ, कुशी, पोट आणि शेवटी पाय.

लांब केसांच्या कुत्र्याला, म्हणजे शिह त्झू, ल्हासा, गोल्डन, कॉकर यांना, टॉवेल गोल-गोल घासू नका. घासल्याने केस एकमेकांत गुंततात आणि आधी सोडवलेल्या गाठी परत तयार होतात. टॉवेल अंगावर ठेवा, दोन्ही हातांनी दाबा, पाच-सात सेकंद धरा, उचला. कान, शेपटी आणि पायांचे लांब झुपके टॉवेलमध्ये गुंडाळून मुठीने दाबा. लॅब्रॉडॉरसारख्या आखूड पण दाट केसांच्या कुत्र्याला मात्र घासलेलं चालतं, किंबहुना केसांच्या उलट्या दिशेने घासलं तर लवेतलं पाणी वर येतं.

टॉवेल ओला झाला की बदला. एकाच चिंब टॉवेलने पंधरा मिनिटं पुसत राहण्यापेक्षा तीन कोरडे पंचे पाच-पाच मिनिटं वापरलेले बरे. कुठवर टिपायचं? कोरडा पंचा दहा सेकंद दाबून धरल्यावर नुसता दमट झाला, त्यावर पाण्याचा डाग उमटला नाही, की थांबा. टॉवेलने जितकं पाणी काढाल तितका ड्रायर कमी चालवावा लागतो, आणि ड्रायर जितका कमी तितकं कुत्र्याला बरं.

कानातले बोळे आता काढा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे आत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. बोटाला कोरडा कापूस गुंडाळून दिसतो तेवढाच भाग पुसा. इअरबड आत घालू नका, त्याने मळ आणखी खाली ढकलला जातो. लोंबते कान असलेल्या कुत्र्याचे कान पाच-दहा मिनिटं उलटे करून डोक्यावर टाकून ठेवले तर हवा लागते. कॉकरच्या कानाच्या आतल्या बाजूलाही दाट केस असतात, ते विसरले जातात. आंघोळीनंतर दुसऱ्या दिवशीही डोकं झटकत असेल, कान एका बाजूला झुकवत असेल किंवा कानाला आंबूस वास येत असेल तर घरी थेंब घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हवा

पहिली गोष्ट, बाथरूममधून बाहेर पडा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर तिथली हवा वाफेने भरलेली असते, त्या हवेत काही वाळत नाही. दुसरं कारण विजेचं: ओल्या फरशीवर ड्रायर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको. कोरड्या खोलीत, पायात चप्पल घालून, हात पुसूनच बटणाला हात लावा.

एसी असेल तर खिडक्या बंद करून ड्राय मोडवर २६-२७ अंशांवर लावा. एसी हवेतलं पाणी काढतो, आणि पावसाळ्यात आपल्याला नेमकं तेच हवं असतं. थंडगार झोत थेट कुत्र्यावर येऊ देऊ नका. एसी नसेल तर उलट करायचं: पंखा चालू आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर कुत्र्याच्या अंगातून निघालेली वाफ तिथेच फिरत राहते.

आपला केसांचा ड्रायर वापरता येतो, पण तो माणसाच्या डोक्यासाठी बनवलेला आहे. बहुतेक ड्रायरच्या तोंडाशी हवा इतकी तापते की एका जागी धरली तर कातडी भाजेल. म्हणून 'कूल' किंवा सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवा, अंगापासून निदान दीड वीत लांब धरा आणि हात सतत हलता ठेवा. दुसरा हात जिथे हवा पडते तिथेच केसांत असू द्या. तुमच्या हाताला चटका बसला तर त्याच्या कातडीलाही बसतोय. पट्टा आणि त्याला लटकवलेला धातूचा बिल्ला आधीच काढून ठेवा, तो तापतो.

सुरुवात मागच्या पायांपासून करा. आवाज तोंडापासून लांब राहतो, तेवढ्यात त्याला सवय होते. मागून पुढे आणि खालून वर जायचं. एका हाताने वरचे केस उचलून धरा, खालचा थर आधी वाळवा, मग वरचा सोडा. हवेचा झोत केसांवर पडला की केसांचा भोवरा होतो आणि मधोमध कातडी दिसते. त्या भोवऱ्यातला केस मुळापासून सुटा होईपर्यंत पुढे सरकायचं नाही. हवा आणि ब्रश एकत्र चालले पाहिजेत. लांब केस नुसत्या हवेने वाळवले की वाकडेतिकडे वाळतात आणि मग विंचरताना ओढ बसते. तोंडावर ड्रायर मारू नका, तिथे पंचाच बरा.

आता बाजारात घरगुती ब्लोअर मिळतात, ग्रूमिंग पार्लरवाले वापरतात त्याची छोटी भावंडं. ते उष्णतेपेक्षा वेगाने काम करतात, पाणी उडवून लावतात. जर्मन शेफर्ड किंवा हस्की घरात असेल तर हा खर्च वसूल होतो. आवाज मात्र प्रचंड असतो, म्हणून कानांवरून मऊ कापडाची सैल पट्टी बांधा आणि डोळे, कान, गुप्तांग या भागांवर झोत नको. लांब केसांवर नळी जवळून मारली तर केस चाबकासारखे एकमेकांवर आपटून गाठी होतात. आणि हे काम गॅलरीत करा. ब्लोअर सुटी लवही उडवतो, ती मग आठवडाभर आमटीत सापडत राहते.

ड्रायरला घाबरणाऱ्या कुत्र्याची सवय आंघोळीच्या दिवशी नव्हे, आधीच्या कोरड्या दिवसांत लावायची. आधी ड्रायर नुसता जमिनीवर पडलेला, बाजूला उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे. मग शेजारच्या खोलीत चालू. मग त्याच खोलीत, पण दुसरीकडे तोंड करून. शेपटी पोटात घालणं, सारखे ओठ चाटणं, जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही भीतीची लक्षणं आहेत. ती दिसली की एक पायरी मागे या. बांधून ठेवून वाळवलेला कुत्रा पुढच्या वेळी बादली दिसताच पलंगाखाली जातो. काही कुत्र्यांना ड्रायर कधीच पटत नाही, त्यांच्यासाठी पंचे वाढवा, पंखा आणि कंगवा यांवर दोन तास काढा. होतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा. वाळवताना जीभ रुंद होऊन बाहेर आली, जोरजोरात धाप लागली, लाळ दाट झाली किंवा हिरड्या लालभडक दिसल्या तर ड्रायर बंद करा, गार जागी न्या, पाणी द्या. थोड्या वेळात उतरलं नाही किंवा तो लटपटायला लागला तर थेट डॉक्टर. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवा अजिबात नको. पार्लरमध्ये देत असाल तर विचारून घ्या: कुत्रा पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडतात का, आणि तेव्हा शेजारी माणूस उभा असतो का? पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'अधूनमधून बघतो' असं उत्तर आलं तर मी तिथून कुत्रा घरी आणेन. पिंजऱ्यातल्या गरम हवेने कुत्रे दगावलेले आहेत. भाजल्याच्या खुणाही केसांखाली लपतात, एक-दोन दिवसांनी कळतात.

राहून जाणाऱ्या जागा

पाठ सगळेच वाळवतात. ओल राहते ती काखेत, जांघेत, मानेखाली पट्ट्याच्या जागी, कानांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत. बोटांसाठी पंचाचं टोक पीळ देऊन प्रत्येक बेचक्यातून ओढून काढा, पंजाच्या खालूनसुद्धा. बोटं सारखी चाटणाऱ्या कितीतरी कुत्र्यांचं दुखणं इथेच सुरू होतं. पगच्या नाकावरच्या घड्या उघडून कोरड्या कापसाने पुसा. आणि पट्टा ओला असेल तर तो घालू नका. चामडी पट्टा पावसाळ्यात दोन दिवस ओल धरतो, एक जादा नायलॉनचा ठेवलेला बरा.

आता तपासणी. ड्रायर बंद करून दहा मिनिटं थांबा. गरम केस कोरडेच वाटतात, म्हणून लगेच बघण्यात अर्थ नाही. मग वरच्या प्रत्येक जागी केस दुभागून उलट्या हाताची बोटं कातडीला लावा. तळहातापेक्षा उलट्या हाताला गारवा लवकर कळतो. गार लागलं तर ओल आहे. दुसरी खूण कंगव्याची: मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला पाहिजे आणि केसांच्या बटा न होता ते सुटे पडले पाहिजेत. जाड लवेच्या कुत्र्याला तासाभराने पुन्हा एकदा बघा.

सोडल्यावर तो घरभर वेड्यासारखा धावेल, हे ठरलेलंच. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरून सांधे दुखावतात, म्हणून आधीच सतरंजी किंवा गोणपाट अंथरून ठेवा. त्याची गादीही तपासा. ओलसर, वास येणाऱ्या गादीवर झोपला तर वरची सगळी मेहनत फुकट.

हे करू नका

टाल्कम पावडर ओल्या केसांत मारली की लगदा होतो आणि उडालेली भुकटी कुत्र्याच्या फुफ्फुसात जाते. ओलसर अंगाला खोबरेल चोपडायची आपल्याकडे हौस असते. तेल ओल आत कोंडतं आणि कुत्रा ते चाटत बसतो. रूम हीटरसमोर बसवू नका. लवकर वाळावा म्हणून जर्मन शेफर्ड किंवा स्पिट्झची हजामत करू नका. लव आणि वरचे केस पुन्हा सारखे येतीलच असं नसतं, आणि उन्हापासूनचं संरक्षण जातं ते वेगळंच. गोचिडांसाठी मानेवर ओतायचं औषध वापरत असाल तर आंघोळ आणि औषध यांत साधारण ४८ तासांचं अंतर ठेवा, दोन्ही बाजूंनी. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तसं करा. औषध मुळापर्यंत कोरड्या कातडीवरच ओतायचं.

रोज पावसात फिरून आल्यावर आंघोळ घालायची गरज नाही. पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवून पंचाने टिपा, तेवढं बास.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये गणित उलटं असतं. तिथे कुत्रा सावलीत आपोआप वाळतो, पण गच्चीवर सोडू नका, तापलेल्या स्लॅबने पंजे भाजतात. हिवाळ्यात, पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना मात्र वाऱ्यावर न ठेवता बंद खोलीत आणि लवकर कोरडं करायला हवं, त्यांचं अंग पटकन गार पडतं.

लॅब्रॉडॉरची शेपटी गार पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा पोहल्यावर कधीकधी अचानक लुळी लोंबते. ती मोडलेली नसते, स्नायू दुखावलेले असतात आणि बहुतेक वेळा काही दिवसांत बरी होते, तरी दाखवून घ्या. पुढच्या वेळी पाणी कोमट ठेवा.

आणि एवढं करूनही ओला लाल चट्टा दिसलाच, तर त्याला तिथे चाटू देऊ नका, गळ्यात कोन (तोंड अंगापर्यंत पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर) घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरातली माणसांची मलमं लावू नका. कुत्रा ती चाटून खातो, आणि झिंक ऑक्साइड असलेलं मलम पोटात गेलं तर विषबाधा होते.